दर सिनेमात मरणारी बायको

माझी बायको दर दीड-दोन वर्षांनी मरते आणि दर वेळी मी डबा घेऊन जातो. लोकांना यात गंमत वाटते. दुकानात आलेलं गिऱ्हाईक शेजारच्याला कोपराने ढोसून सांगतं, ‘हेच ते, त्या मेलेल्या बाईंचे मिस्टर.’ मग दोघंही माझ्याकडे अशा नजरेने बघतात की मी विधुर आहे की सधवेचा नवरा, हे मलाच क्षणभर उमगत नाही. यात गंमत कसली, डोंबल! एकदा तुमच्या बायकोला फरशीवर आडवी करा, तोंडाला पांढरी पावडर फासा, आणि पंचवीस माणसांनी भोवती उभं राहून ‘वा, काय मेली आहे!’ म्हणावं अशी व्यवस्था करा. मग माझ्याशी बोलायला या.

आमची ही शिंपीण आहे. सिनेमाच्या कपडेखात्यात मशीनवर बसते. माझं दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. आमचं लग्नही मशीनमुळेच जमलं. हिच्या पायमशीनचा पट्टा तुटला, मी तो बदलायला गेलो आणि जन्माचा अडकलो. मरणं हा तिचा धंदा नव्हता. तो तिच्या गळ्यात पडला.

झालं असं. साहेबांचा पहिलाच सिनेमा होता. साहेब म्हणजे दिग्दर्शक. आज त्यांचं नाव घेतलं की लोक मान डोलावतात, तेव्हा त्यांना चहावालासुद्धा उधार देत नव्हता. सिनेमाच्या सुरुवातीला एका बाईचं प्रेत दिसायचं होतं. जी बाई ठरवली होती, तिने ती थंडगार फरशी बघितली, ‘मला मेलेलं दिसायचं नाही’ म्हणाली आणि घरी निघून गेली. तिच्या मापाचा हिरवा कोट तेवढा मागे राहिला. तो कोट हिने शिवला होता आणि शिवताना दहादा स्वतःच्याच अंगाला लावून बघितला होता. साहेबांनी कोटाकडे बघितलं, मग हिच्याकडे बघितलं. ‘वहिनी, जरा आडव्या होता का? पाच मिनिटांचं काम आहे.’

पाच मिनिटांचं काम! आज आमच्या मुलीला मुलगी झाली आहे आणि ते पाच मिनिटांचं काम अजून चालूच आहे.

तो सिनेमा तुफान चालला. सुरुवातीला एक बंद खोली, कुठेतरी घड्याळाची टिकटिक, फरशीवर हिरव्या कोटातली बाई, आणि कॅमेरा सावकाश सावकाश सरकत तिच्या चेहऱ्यापाशी जातो. लोकांच्या अंगावर काटा आला. शहाण्यासुरत्या माणसांनी वर्तमानपत्रांत रकाने भरले. मग दुसऱ्या सिनेमात पैसे घालणाऱ्यांनी साहेबांना सांगितलं की सुरुवात तशीच पाहिजे. दुसरा सिनेमा प्रेमकथा होता. प्रेमकथेत प्रेत! पण घातलं. तोही चालला. तिसरा एका गायन शिकवणाऱ्या मास्तरांवर होता. त्यातही दार उघडलं की आमची ही पडलेली. मग तर ये रे माझ्या मागल्या. एकदा साहेबांनी चक्क लहान मुलांचा सिनेमा काढला, बाहुल्यांचा कारखाना वगैरे, आणि त्या बाहुल्यांच्या ढिगात ही मेलेली. थिएटरात ही दिसली की पोरंसोरं टाळ्या पिटतात. साहेबांची ही म्हणे ओळख आहे, त्यांची सही. अहो, सही तुमची आणि पाठीला रग आमच्या हिच्या?

कारण मरणं दिसतं तितकं सोपं नसतं. पापणी लवता कामा नये. श्वास असा घ्यायचा की गळ्याची शीर हलू नये. पोट वरखाली होतं म्हणून ही त्या दिवशी सकाळपासून अन्नाचा कण घेत नाही. म्हणून तर मी डबा नेतो आणि काम संपेपर्यंत कोपऱ्यात उभा राहतो. बाकी सगळं शरीर ती दगडासारखं ठेवते, फक्त एक गोष्ट तिला आजवर जमलेली नाही. तिच्या डाव्या पायाचा अंगठा. जन्मभर पायमशीन चालवून त्या अंगठ्याला अशी खोड लागली आहे की तो झोपेतसुद्धा टाके घालतो. एरवी कुणाच्या लक्षात येणार नाही, पण मी त्याच्याशेजारी झोपतो. म्हणून दर सिनेमात तिचा डावा पाय कशाच्या तरी आड असतो, कधी टेबलाच्या, कधी चादरीच्या, कधी बाहुल्यांच्या. मोठमोठे लेख लिहिणाऱ्यांनी त्या झाकलेल्या पायाचेही अर्थ लावले आहेत. वाचून मी कपाळावर हात मारला.

हे सगळंही मी पोटात घातलं असतं. पण आमच्या नातीने कुठेतरी टीव्हीवर आजीला बाहुल्यांत मेलेली बघितलं. लेकरू किंचाळलं. मागून आजीने जवळ घ्यायला हात पुढे केले तर आईच्या पदराआड लपलं. तेव्हापासून ती आजीच्या कुशीत झोपत नाही. आमच्याकडे राहायला आली की पहाटे गुपचूप उठते आणि आजीच्या नाकाखाली बोट धरून बघते. ही जागीच असते. डोळे मिटून पडून राहते, कारण उघडले तर पोर दचकेल. एकदा मला म्हणाली, ‘अहो, जगाला मी मेलेली आवडते ते आवडू दे. पण हिला तरी मी जिवंत दिसले पाहिजे की नाही?’

‘सोडून दे मग ते काम,’ मी म्हटलं.

‘सोडून काय होणार? ते सिनेमे काय पुसले जाणार आहेत? पडद्यावर मेलेय, तर पडद्यावरच उठलं पाहिजे. एक वाक्य बोलायचंय मला. एकच. उठून.’

हे तिने साहेबांना पूर्वीही सांगितलं होतं. दर वेळी साहेब म्हणायचे, ‘पुढच्या सिनेमात नक्की, वहिनी.’ पालथ्या घड्यावर पाणी.

यावरून माझी आणि जावयाची रविवारी दुकानात चांगली जुंपायची. जावई साहेबांचा भक्त. तो म्हणायचा, ‘बाबा, माणसाला जे जमतं तेच त्याने करावं. लोक त्यासाठीच तिकीट काढतात. उद्या साहेबांनी सिनेमा उन्हात, बागेत सुरू केला तर लोक म्हणतील, फसवलं आम्हाला.’

‘सोन्याची सुरी असली म्हणून काय उरात खुपसून घ्यायची?’ मी ओरडायचो. ‘एक कोट शोभला म्हणून माणूस तोच घालून आंघोळीला जातो का? अरे, ज्याला येतं त्याने दहा गोष्टी करून बघाव्यात. पडला तर पडला! नाव झाल्यावर नाही करणार तर कधी करणार?’

मागून मशीनची खडखड थांबायची आणि हिचा आवाज यायचा, ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आणि स्वतः काळ्या पायमशीनशिवाय दुसऱ्या मशीनला हात लावत नाहीत. परवा ती विजेवरची घेऊन आलेली बाई आल्या पावली परत पाठवली.’

‘ती गोष्ट वेगळी,’ मी म्हणायचो.

‘हो, वेगळीच असते. आपली नेहमी वेगळीच असते.’

मग एके दिवशी साहेब स्वतः घरी आले. हडकलेले, डोळ्यांखाली काळं. खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे म्हणाले, ‘वहिनी, मला माझाच कंटाळा आलाय. गोष्ट लिहायला बसलो की आधी प्रेत येतं. मी मूळचा हसवणारा माणूस हो. मला विनोदी सिनेमे करायचे होते.’

‘मग करा की,’ मी म्हटलं.

‘पैसे घालणारे करू देत नाहीत, दादा. आणि खरं सांगू? मलाही भीती वाटते. ते काढून टाकलं आणि खाली काहीच नसलं तर?’

त्या माणसाची मला पहिल्यांदा दया आली, आणि लगेच रागही आला, कारण त्याच्या भीतीपायी आमची ही फरशीवर पडत होती. पण हिने बरोबर वेळ साधली. ‘साहेब, काढून नका टाकू. सगळं तसंच ठेवा. बंद खोली, टिकटिक, मी पडलेली. कॅमेरा आला माझ्या तोंडाशी, की मी डोळे उघडते आणि बोलते.’

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. मग खो खो हसले. त्यांनी तिथल्या तिथे वाक्य ठरवलं : ‘दिवा मालवा. मला झोपू द्या.’ म्हणजे बाई मेलेली नाहीच, नुसती झोपली आहे, आणि तिथून पुढे सगळा सिनेमा हसण्याचा. जाताना माझा हात धरून म्हणाले, ‘दादा, बायको हुशार आहे तुमची.’ हे मला माहीत नव्हतं की काय?

त्यानंतर आमच्या घरात जो छळ सुरू झाला त्याला तोड नाही. भरदिवसा मला दिवा मालवायला सांगितलं जाऊ लागलं. भांडी घासताना रागावून, दोरा ओवताना लाडात, आरशासमोर हळू आवाजात. मी जेवायला बसलो की समोरून, ‘दिवा मालवा. मला झोपू द्या. हे कसं वाटलं?’ ‘बरं वाटलं.’ ‘मघाचं की आत्ताचं?’ मला काडीचा फरक कळत नव्हता. एकदा कंटाळून मी खरंच दिवा मालवला, तर दोन दिवस अबोला.

चित्रीकरणाच्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तेव्हा कळलं की पैसे घालणाऱ्यांनी पाचर मारली आहे. आधी नेहमीसारखं मेलेलं दृश्य घ्यायचं, सगळ्या बाजूंनी, नीट. मग वेळ उरला तर जिवंत. साहेब मान खाली घालून हो म्हणाले होते. त्यामुळे दुपार कलेपर्यंत ही नुसती मरतच होती. मध्ये मला बघून तिने खूण केली : थांबा, अजून माझं वाक्य व्हायचंय. मी डब्याकडे बोट दाखवलं. तिने मान हलवली. पोट हलेल ना!

शेवटी तो प्रसंग आला. कुणी तरी ओरडलं, सगळीकडे चिडीचूप. टिकटिक सुरू झाली. कॅमेरा रुळावरून सरकू लागला. मी दिव्यांच्या मागे, तिच्या पायांच्या बाजूला उभा होतो. कॅमेरा चेहऱ्यापाशी जाऊन थांबला. आता ही डोळे उघडणार. उघडेना. सगळ्यांनी श्वास रोखला. साहेबांनी हात वर धरला होता, थांबा, थांबा, अशा खुणेने, आणि त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की विचारू नका. त्यांना वाटलं, वहिनी ताणून धरताहेत. शेजारचा एकजण पुटपुटला, ‘काय ताकदीची बाई आहे!’

माझी नजर सहज तिच्या पायावरच्या चादरीवर गेली. चादर सरकली होती. डावा पाय उघडा पडला होता. आणि अंगठा हलत नव्हता.

आधी मला बरं वाटलं. म्हटलं, जमलं एकदाचं हिला. मग आठवलं. तो अंगठा तिच्या बाळंतपणात थांबला नव्हता, तापात थांबला नव्हता. मी ओरडलो. काय ओरडलो ते तेव्हा मला कळलं नाही. ‘अगं! अगं ऊठ! ऊठ की गं! मला नाही आवडत हे, ऊठ!’ हातातला डबा पडला, मी तारांत अडखळलो, कुणीतरी माझी कॉलर धरली ती मी फाडून घेतली. तिचं डोकं मांडीवर घेतलं. गार होतं. कुणी तोंडावर पाणी मारलं. त्या वेळात माझं काय झालं ते मी सांगणार नाही. मग तिचे डोळे उघडले. तिने माझ्याकडे बघितलं, फरशीवर पसरलेल्या जेवणाकडे बघितलं आणि वैतागून म्हणाली, ‘सांडलात ना डबा?’

उपाशीपोटी साखर उतरली होती. डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं आणि आम्हा दोघांनाही झापलं. मी मुकाट्याने ऐकलं. ही मात्र खाटेवर पडून मुसमुसत होती. ‘एवढं पाठ केलं होतं. माझं वाक्य राहिलं. तुम्हाला कुणी मध्ये तडमडायला सांगितलं होतं?’

‘मेली असतीस!’

‘नसते मेले! शुद्धीवर येऊन बोलले असते!’



दुसऱ्या दिवशी साहेब आले. चेहरा पांढराफटक. म्हणाले, आता प्रेत बंद. कायमचं. सिनेमा झाडावर सुरू करतो, रस्त्यावर सुरू करतो. हिने डोळे पुसले. ‘म्हणजे मीही नाही?’ साहेब चपापले. मग चाचरत म्हणाले, ‘एक सांगायचं होतं. तेव्हा थांबा म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. कॅमेरा चालूच होता. दादांची हाक, तुमचं डोळे उघडणं, तो डबा... सगळं आलंय.’

‘खबरदार!’ मी म्हणालो. परिचारिका धावत आली इतक्या जोरात म्हणालो. ‘माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट वेळ आहे ती. ती लोकांनी तिकीट काढून बघायची?’

ही कोपरावर जोर देऊन उठून बसली. मग म्हणाली, ‘त्यात मी बोलते ना, साहेब?’

‘बोलता.’

‘मग ठेवा.’

‘अगं पण...’

‘तुम्ही इतकी वर्षं मला मेलेली बघायला यायचात, कोपऱ्यात उभं राहून. तेव्हा एकदाही म्हणाला नाहीत की दाखवू नका. आज उठलेय, तर आज अडवताय?’

मी धावत आलेल्या परिचारिकेला काही नाही म्हणून परत पाठवलं. 

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो. नातीला आणायला नको असं मी म्हणत होतो, हिने ऐकलं नाही. दिवे मालवले गेले. बंद खोली, टिकटिक, आमची ही. लोकांनी नेहमीच्या टाळ्या वाजवल्या. नातीने आईच्या कुशीत तोंड खुपसलं. कॅमेरा सरकत चेहऱ्यापाशी गेला आणि थांबला. थांबूनच राहिला. टाळ्या विरल्या, चुळबुळ सुरू झाली. आणि मग अंधारातून माझा आवाज आला. माझा आवाज इतका घोगरा आहे हे मला ठाऊक नव्हतं. सगळं थिएटर गप्प झालं.

‘आबा?’ नात म्हणाली आणि तिने मान वर केली. पडद्यावर तिचा आबा फाटक्या कॉलरने धडपडत येत होता. तिने डोळे मिटले नाहीत. तिने आजीचे डोळे उघडताना बघितले. ‘सांडलात ना डबा?’ आजी म्हणाली.

‘आजी उठली!’ नात किंचाळली. ‘आई, आजी उठली!’

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, मग टाळ्या. पुढचा सिनेमा काय होता ते मला विचारू नका. नात दोन खुर्च्या ओलांडून आजीच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिथेच झोपली. हिचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला, पण तिने पोरीला हलवलं नाही. अंगठा तेवढा चालू होता.

आता खरं तर इथे संपायला हवं. पण सुखासुखी संपेल तर ते आमचं नशीब कसलं. सिनेमा धो धो चालला. लेख लिहिणाऱ्यांनी लिहिलं, दिग्दर्शकाने आपलाच साचा मोडला. जावई म्हणाला, ‘मी म्हणतच होतो, बदल हवा.’ माझ्या दुकानात माणसं येऊ लागली, मशीन नीट असलेलीसुद्धा. ‘दादा, एकदा ती हाक मारून दाखवा ना.’ आणि थोड्या दिवसांनी साहेब पेढीवरच्या माणसासारखे नीटनेटके होऊन दारात हजर. अंगावर मांस धरलेलं. बसायच्या आत सांगू लागले, ‘वहिनी, नवी गोष्ट मिळाली! बंद खोली. टिकटिक. तुम्ही पडलेल्या. दादा बाहेरून ओरडत येतात, तुम्ही उठता. लोकांना आता हेच हवंय. ही आपली ओळख झाली!’

हिने दोरा दाताने तोडला. ‘नाही साहेब. मी एकदा उठले. आता पुन्हा आडवी होणार नाही. चालत येईन, भांडेन, कपडे शिवेन. पडणार नाही.’

‘पण वहिनी, लोक...’

‘तुम्ही सांगा हो यांना,’ ही माझ्याकडे वळली. ‘इतकी वर्षं घसा कोरडा करताय ना, माणसाने तेच तेच करू नये म्हणून. सांगा आता.’

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, सांगायला ‘तेच तेच करू नका’ असंच उघडलं होतं. पण गेल्या काही दिवसांत गिऱ्हाइकांना ती हाक ऐकवून ऐकवून मला तिचा गोडवा लागला होता. आरशात उभा राहून मी ती दोन-तीन तऱ्हांनी मारूनही बघितली होती, एकदा रागावून, एकदा हळू आवाजात. निळा शर्ट इस्त्री करून ठेवला होता, कॉलर शाबूत असलेला. तोंडातून निघालं ते असं, ‘आणखी एकदा करायला काय हरकत आहे गं? लोकांना आवडलंय.’

 साहेब खूश होऊन माझ्याकडे बघत होते. हिने मला न्याहाळलं, मग सुईत नवा दोरा ओवला आणि मशीनवर पाय ठेवला.

‘ठीक आहे,’ ती म्हणाली. ‘मग या खेपेला तुम्ही मरा. डबा मी घेऊन येते.’

मी हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत सावकाश बघितलं आणि तिला विचारलं, ‘वहिनी, यांच्या मापाचा हिरवा कोट कधीपर्यंत होईल?’